बेलापूरचीं वाढतीं घरें

मध्यम स्थितींतील कुटुंबानें घर बांधावयाचें ठरविलें, म्हणजे प्रथम खोल्यांची मोजदाद सुरू होते. जमीन थोडी, पैसा त्याहून थोडा. तेव्हां मिळेल तेवढी जागा भिंतींनीं व्यापावी, असा साहजिकच कल होतो. या समजुतीला निराळें उत्तर देणारा एक प्रयोग १९८३ ते १९८६ या काळांत नव्या मुंबईंत, बेलापूर येथें झाला. त्याचें यश आणि अपयश हीं दोन्हीं विचार करण्याजोगीं आहेत.

मुंबईंतील सामान्यांच्या निवाऱ्याचा इतिहास हा बहुतांशीं एका खोलीचा इतिहास आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. पुढें १९२० नंतरच्या दशकांत सरकारी डेव्हलपमेंट खात्यानें वरळी, नायगांव, शिवडी व डिलाईल रोड येथें चाळी उभारल्या. निवारा मिळाला, परंतु एका बिऱ्हाडास एक खोली, हें माप कायम झालें. मुलाचें लग्न झालें तरी तीच खोली, नातवंड आलें तरी तीच. माणसें वाढत, घर मात्र वाढत नसे.

१९६५ सालीं चार्लस कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनीं खाडीपलीकडे नवें शहर वसविण्याची कल्पना मांडली. १९७० मध्यें त्यासाठीं सिडको स्थापन झाली. तिच्यासाठीं कोरिया यांनीं पारसिक डोंगराच्या पायथ्याशीं जी वसाहत आंखली, तीच आज ‘आर्टिस्ट व्हिलेज’ या नांवानें ओळखली जाते.

येथील प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरांचे, म्हणजे सुमारें ४८५ ते ८०० चौरस फुटांचे होते. ऐपतींत पुष्कळ अंतर असलेल्या कुटुंबांच्या जमिनींत अंतर मात्र दुपटीहूनही कमी ठेविलें होतें. घरें विटांचीं, उतरत्या कौलारू छपरांचीं, साधा गवंडी व सुतार बांधूं शकेल अशीं होतीं. सात घरांमध्यें सुमारें आठ मीटर लांबरुंद असा एक चौक. अशा तीन समूहांस मिळून त्याहून मोठें अंगण. आणि पुढें त्याहूनही मोठें. आपल्या वाड्यांतील चौक व कोंकणांतील अंगण ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस यांतील मर्म सांगावयास नको. आपल्या हवेंत वर्षांतील कित्येक महिने आकाशाखालची जागा हीच घरांतील सर्वांत स्वस्त खोली असते.

परंतु खरी दूरदृष्टि दुसरीकडेच होती. शेजाऱ्यांमध्यें भिंत सामाईक ठेविल्यास खर्च वांचतो, हें कोणीही सांगेल. कोरियांनीं ती सामाईक ठेविली नाहीं. कारण भिंत सामाईक असली, म्हणजे शेजाऱ्याच्या संमतीवांचून घराला हात लावतां येत नाहीं. सामान्य गृहस्थ घर एकदम बांधीत नाहीं. हातीं पैसा येईल तसतसें बांधतो. प्रत्येक घर सुटें ठेवून त्यांनीं ती मोकळीक त्याला आधींच देऊन ठेविली.

ती मोकळीक रहिवाशांनीं पुरेपूर घेतली. उत्पन्न वाढलें, जमिनीचें मोल वाढलें. अनेकांनीं मूळ घर पाडून त्या जागीं दुमजली, तिमजली काँक्रीटचीं घरें उठविलीं. मूळ कौलारू घरें आतां थोडींच उरलीं आहेत. यावरून प्रयोग फसला असें म्हणणारे आहेत. आम्हांस तसें वाटत नाहीं. वाढावें म्हणून बांधलेलें घर वाढलें, यांत दोष कसला? दोष असलाच तर तो उंचीचा आहे. आडव्या वाढीची येथें सोय होती. उभ्या वाढीला मात्र मालकाची अल्प मिळकत एवढाच काय तो लगाम होता. मिळकत वाढली आणि लगाम सुटला. एकाचा तिसरा मजला म्हणजे दुसऱ्याच्या अंगणांतील ऊन, हा हिशेब कोणीं मांडला नाहीं.

भिंती व छपरें बदललीं, तरी चौकांची आंखणी टिकली. कारण ती एकट्याच्या मालकीची नव्हती. लहान जागेवर घर बांधणारानें यावरून एवढें ध्यानांत ठेवावें: खोल्या मागाहून वाढवितां येतात, पण बांधून टाकलेलें अंगण पुन्हा मिळत नाहीं. म्हणून काय बांधावयाचें याच्या आधीं, काय कधींच बांधावयाचें नाहीं हें ठरवावें, आणि तें शेजाऱ्यासह ठरवावें.