जुळ्यांतला दुसरा

रविवारी सकाळी आमच्या दोन चिरंजीवांमध्ये एका उशीवरून महायुद्ध पेटलं. सौ. स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, ते रोम राहू द्या, आधी घर सांभाळा!" पण मी वाचत होतो त्या रोममध्येही भानगड मुलांचीच होती.

त्याचं असं आहे. इ. स. ९६ साली नर्व्हा गादीवर आला आणि तिथून रोमचं राज्य दत्तकावर चाललं. त्यात तत्त्वज्ञान फारसं नव्हतं. पोटचा मुलगा कुणाला उरलाच नव्हता. तरी ८४ वर्षं कारभार झकास! मग आला मार्कस ऑरेलियस. त्याला डझनाहून जास्त मुलं झाली. ३१ ऑगस्ट १६१ला जुळे मुलगे झाले. त्यांतला टायटस चौथ्या वर्षीच गेला. उरला तो कॉमोडस. १८० साली, अवघ्या अठराव्या वर्षी, तो एकटा सम्राट झाला, राज्यकारभार सोडून आखाड्यात उतरला, स्वतःला हर्क्युलिस म्हणवू लागला आणि १९२च्या शेवटच्या दिवशी गळा दाबून मारला गेला. पुढच्याच वर्षी शिपायांनी रोमची गादी चक्क लिलावात काढली!

टायटस जगता तर? मी लगेच त्याला गादीवर बसवला आणि कॉमोडसला कायमचा आखाड्यात धाडला. दोघांनी मिळून राज्य करायलाही हरकत नव्हती. खुद्द मार्कसने लुशियस व्हेरसबरोबर आठ वर्षं सुखाने केलं होतं की!

पण ते दोघे दत्तक भाऊ. सख्ख्यांची गोष्ट २११ सालची आहे. बाप जाऊन वर्ष झालं नाही तोच कॅराकॅलाने धाकट्या गेटाला आईच्या कुशीत मारवलं. माझं नवं रोम तिथेच कोसळलं.

मग आठवलं, आपण साम्राज्याचा हिशेब करतोय. बापाचं तर चार वर्षांचं पोर गेलं होतं. मूल जाऊ नये असं मागण्याऐवजी त्याची भीतीच जावी असं मागावं, हे मार्कसने स्वतःच्या वहीत लिहून ठेवलंय. इतक्या मुलांना निरोप दिलेल्या माणसालाच स्वतःला असं बजावावं लागत असेल.

पुस्तक मिटून आत गेलो. उशी फाटली होती. कापसाच्या ढिगात दोघे खिदळत बसले होते.

"बघताय काय नुसते? बोला की काहीतरी!" सौ. म्हणाली.

"मोजतोय," मी म्हटलं. "दोन आहेत."