ऑनलाइन अध्यापन व शिक्षकांची अर्गोनॉमिक्सविषयक जाणीव

काम करणाऱ्याच्या शरीराला मानवेल अशी बैठक, साधने, उजेड आणि विश्रांतीच्या वेळा ठरवणारे शास्त्र म्हणजे अर्गोनॉमिक्स. ऑनलाइन शिकवताना मान, पाठ, मनगट, डोळे आणि घसा यांवर पडणारा ताण ओळखून तो वेळीच कमी करण्याची समज म्हणजे शिक्षकांची याविषयीची जाणीव होय.

पार्श्वभूमी : मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हा उपक्रम सुरू केला. व्हॉट्सॲप गट, दीक्षा ॲप आणि व्हिडिओ तासिका यांतून शिकवणे चालू राहिले. अधूनमधून वर्ग भरले आणि पुन्हा बंद पडले. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा सुरू झाले. त्याआधी जुलै २०२० मध्ये केंद्राने ऑनलाइन शिक्षणासाठी ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शिका काढली होती. तिच्यानुसार पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांच्या जास्तीत जास्त दोन आणि नववी ते बारावीसाठी चार तासिका घ्यायच्या होत्या. ही मर्यादा विद्यार्थ्यांसाठी होती. एकाच शिक्षकाकडे अनेक वर्ग असले, की त्याचा पडद्यासमोरचा वेळ वाढतच जाई. शिवाय ऑक्टोबर २०२० पासून ‘निष्ठा’ हे शिक्षकांचे प्रशिक्षणही ऑनलाइन झाले.

ग्रामीण स्थिती : वाशीम हा नीती आयोगाच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांपैकी एक. जिल्ह्यातील आसेगावसारख्या गावांत ऑनलाइन शिकवण्याचे मुख्य साधन मोबाइलच. खाटेवर किंवा सतरंजीवर बसून, मोबाइल मांडीवर धरून शिकवले, की मान तासभर खालीच राहते. रेंज मिळेल तिथे बसावे लागल्याने बैठक निवडण्याची मुभाही कमी. रात्री मुलांनी पाठवलेले वह्यांचे फोटो मोठे करून तपासताना अंगठा, मनगट आणि डोळे शिणतात.

ताणाची कारणे : सरळ मानेवर डोक्याचा भार सुमारे ५ किलो असतो. अमेरिकी शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या गणितानुसार मान ६० अंश झुकली, की तो सुमारे २७ किलोपर्यंत जातो. पडद्याकडे टक लावल्याने पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात. समोर वर्ग दिसत नसल्याने आवाज नकळत चढतो. लॅपटॉपमध्ये पडदा व कळफलक जोडलेले असल्याने एक सोयीच्या उंचीवर आणला, की दुसरा गैरसोयीचा होतो.

उपाय : महागड्या खुर्चीवाचून बरेच साधते. पुस्तकांच्या गठ्ठ्यावर किंवा डब्यावर मोबाइल टेकवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणावी. कमरेमागे घडी केलेली चादर ठेवावी. पाय लोंबकळत असल्यास खाली पाट घ्यावा. कोपरांना आधार द्यावा. खिडकी पाठीमागे किंवा थेट समोर न ठेवता बाजूला ठेवावी. दर २० मिनिटांनी २० फूट दूरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे. दोन तासिकांच्या मध्ये उठून चालावे, पाणी प्यावे. इअरफोनच्या माइकमुळे घशाचे श्रम वाचतात. मुंग्या येणे किंवा दुखणे टिकून राहिल्यास डॉक्टरांना दाखवावे.

सद्यःस्थिती : वर्ग भरू लागले तरी सरल, यू-डायस या शासकीय पोर्टलवर शाळेची माहिती भरणे आणि ऑनलाइन प्रशिक्षणे चालूच आहेत. त्यामुळे शिक्षकाची बैठक हा त्याचा खासगी प्रश्न न मानता शाळेच्या सुविधांचा भाग मानला पाहिजे, आणि शिक्षक प्रशिक्षणात ॲप वापरण्याबरोबर बसायचे कसे हेही शिकवले पाहिजे.