कुत्रा पाळण्या-विकण्याचे नियम आहेत, मग अडतंय कुठे? सोलापूरच्या उदाहरणातून समजून घ्या

समजा, जुळे सोलापुरातलं एखादं घर दरवर्षी लॅब्रॅडोरची पिल्लं विकतं. पिल्लं सहा आठवड्यांची झाली की फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर जातात आणि चार दिवसांत सगळी संपतात. ना पावती, ना नोंद. वर्षभरानं त्यातलं एखादं मोठं झाल्यावर घरात आवरत नाही. मग एका रात्री कुणीतरी त्याला गाडीतून नेऊन होटगी रोडला सोडून येतं.

यात नियम किती वेळा मोडला? किमान तीनदा. नोंदणीशिवाय प्रजनन आणि विक्री, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकणं आणि पाळलेला प्राणी वाऱ्यावर सोडणं. तरीही यातल्या कुणाला साधी नोटीस मिळण्याची शक्यता कमीच. 'कुत्र्यांबाबत कडक कायदा हवा' ही मागणी प्रत्येक चाव्याच्या बातमीनंतर होते. पण कायदा नाही म्हणून अडलंय, की आहे तो गल्लीपर्यंत पोहोचत नाही म्हणून?

कायदा काय सांगतो?

कुत्र्यांच्या प्रजनन आणि विक्रीसाठी केंद्र सरकारने मे २०१७ मध्ये स्वतंत्र नियम केले. त्यातले मुख्य मुद्दे असे:

- विक्रीसाठी कुत्री पाळणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची.
- मादी १८ महिन्यांची होईपर्यंत आणि आठ वर्षांनंतर तिच्यापासून पिल्लं घ्यायची नाहीत.
- वर्षात एकच वेत आणि आयुष्यात जास्तीत जास्त पाच.
- आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही.
- विकलेल्या कुत्र्याला मायक्रोचिप हवी आणि आरोग्याच्या नोंदी हव्यात.

पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ मध्ये वेगळे नियम आले. भटक्या कुत्र्यांसाठी २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत. पकडा, निर्बीजीकरण करा, रेबीजची लस द्या आणि जिथून उचललं तिथेच सोडा, हे त्यांचं सूत्र.

मग हे दिसत का नाही?

पहिलं कारण दंड. मूळ प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे. प्राण्याला क्रूरतेनं वागवणं किंवा बेवारस सोडून देणं यासाठी पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड! तीन वर्षांत पुन्हा तोच गुन्हा केला तर २५ ते १०० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दंड वाढवणारा दुरुस्ती मसुदा केंद्राने २०२२ मध्ये हरकतींसाठी खुला केला, पण तो मसुद्याच्या पुढे गेला नाही.

दुसरं कारण यंत्रणा. नोंदणी राज्य पातळीवरच्या मंडळाकडे होते आणि विक्री गल्लीत, फोनवर. गल्लीत रोज वावरणाऱ्या महापालिकेच्या हातात ही नोंदणी नाही.

तिसरं कारण, घरगुती विक्रेता स्वतःला ब्रीडर समजतच नाही. 'आमच्या कुत्रीला पिल्लं झाली, दिली चार जणांना' असं म्हटलं की विषय संपतो. यातली हौस कुठे संपते आणि धंदा कुठे सुरू होतो, हे तपासायला कुणी येत नाही.

सगळ्यांना एकच नियम लावता येईल?

इथे सोलापूरचं उदाहरण महत्त्वाचं ठरतं. कारवान किंवा मुधोळ हाउंड ही दख्खनच्या पठारावरची शिकारी कुत्र्याची जात. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या खेड्यांत ती पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ब्रिटनचा राजा पंचम जॉर्ज याला या कुत्र्यांची जोडी भेट दिली होती. २००५ मध्ये या जातीवर टपाल तिकीट निघालं. पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२० च्या 'मन की बात'मध्येही तिचं नाव घेतलं.

ही जात टिकवली ती शेतकऱ्यांनी आणि मेंढपाळांनी. केनेल चालवणाऱ्याला असलेलं ५,००० रुपयांचं नोंदणी शुल्क आणि कागदपत्रं त्यांनाही तशीच लावली, तर ते नोंदणीच्या वाटेलाच जाणार नाहीत. कडक नियमांना विरोध करणाऱ्यांचा हा मुद्दा खोडून काढण्यासारखा नाही. शुल्क आणि कटकट वाढली की कुत्री सोडून देण्याचं प्रमाणही वाढेल, अशी भीतीही ते व्यक्त करतात.

रेस्क्यूवर कुणाचं लक्ष आहे?

जखमी कुत्र्यांना उचलणारे, उपचार करणारे आणि घर मिळवून देणारे तरुण आज प्रत्येक शहरात आहेत. बहुतेक जण पदरमोड करून हे काम करतात. पण एका खोलीत किती कुत्री ठेवावीत, दत्तक देताना कोणते कागद हवेत, लोकांनी पाठवलेल्या पैशांचा हिशोब कुणाला द्यावा, याबद्दल प्रजननासारखे स्वतंत्र नियम नाहीत. प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक संस्था असावी, असं २००१ चे नियम सांगतात. ती सक्रिय असेल तरच तक्रारीला दाद मिळते.

हा प्रश्न आता आणखी तातडीचा झालाय. शाळा, रुग्णालयं, क्रीडा संकुलं, बस आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली भटकी कुत्री निर्बीजीकरण आणि लसीकरण करून निवाऱ्यात न्यावीत, परत तिथेच सोडू नयेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिला. निवारे वाढणार असतील, तर त्यांच्या आत काय चाललंय हे पाहणारी यंत्रणाही लागेल.

ढिलाईची किंमत कोण मोजतं?

सगळ्यात आधी माणसं. २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याची सुमारे ३७ लाख प्रकरणं नोंदली गेली. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर रुग्ण वाचणं जवळपास अशक्य असतं. म्हणून चावा बसला की जखम साबणाच्या वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा.

त्यानंतर वन्यजीव. सोलापूर शहराजवळच नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या या अभयारण्याच्या माळरानावर लांडगे आहेत. मोकाट कुत्री माळावर पोहोचली की जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी आणि पिल्लं धोक्यात येतात. डिस्टेंपरसारखे आजार लांडग्यांपर्यंत जाऊ शकतात. शिवाय कुत्रा आणि लांडगा यांचा संकर होण्याचा धोका असतो. पुणे परिसरात अशा संकराचे जनुकीय पुरावे संशोधकांना मिळाले आहेत.

जातींवर बंदी हा उपाय आहे का?

पिटबुल, रॉटवायलर यांसह २३ जातींची आयात, प्रजनन आणि विक्री रोखा, असं पत्र केंद्राने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना पाठवलं. कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात ते रद्द केलं. संबंधितांचं म्हणणं ऐकून घेतलं नव्हतं, हे त्यामागचं एक कारण होतं. शिवाय बंदी घालायची तरी कोणाकडे कोणता कुत्रा आहे, याची यादी आधी हवी.

इंग्लंडने वेगळा मार्ग घेतला. तिथे एप्रिल २०१६ पासून पाळीव कुत्र्याला मायक्रोचिप सक्तीची आहे. एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांच्या आतली पिल्लं दलालामार्फत विकता येत नाहीत. खरेदीदाराला पिल्लू आईसोबत पाहता आलं पाहिजे.

आपल्याकडेही सुरुवात इथूनच होऊ शकते. मुंबई आणि पुण्यात पाळीव कुत्र्याचा परवाना घ्यावा लागतो. तो स्वस्त आणि सोपा करून चिप आणि लसीच्या नोंदीशी जोडला, तर सोडून दिलेल्या कुत्र्याचा मालक सापडेल. व्यावसायिक केनेलला कडक तपासणी आणि मेंढपाळाला मोफत नोंदणी, असा फरकही करता येईल. नियमांची संख्या वाढवण्याआधी प्रत्येक कुत्र्यामागे एक जबाबदार नाव असणं जास्त गरजेचं आहे.

पिल्लू घेण्याआधी एवढं विचारा

- विक्रेत्याकडे नोंदणी प्रमाणपत्र आहे का?
- पिल्लाची आई प्रत्यक्ष दाखवतील का?
- वय आठ आठवड्यांहून जास्त आहे का? लसीचं कार्ड आणि चिप आहे का?
- दत्तक घेत असाल तर निर्बीजीकरणाची जबाबदारी कोणाची, हे लिहून मिळेल का?

आणि एक लक्षात ठेवा. पाळलेल्या प्राण्यापासून लोकांना इजा होऊ नये याची काळजी मालकाने घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.