टाळ्या सगळेच देतात, खुर्ची?

ऑस्ट्रेलिया म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं. मला मात्र तिथल्या 'ऑस्ट्रेलियन रूल्स' फुटबॉलमधला ग्रॅहम 'पॉली' फार्मर आठवतो.

जन्म १९३५ चा, नुंगार या आदिवासी समाजातला. बालपण पर्थच्या 'सिस्टर केट्स' बालगृहात गेलं. मिश्र वंशाची मुलं गोऱ्या समाजात मिसळून जावीत म्हणून तिथं ठेवली जायची.

या फुटबॉलमध्ये चेंडू फेकता येत नाही. एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं मारायचा, त्याला हँडबॉल म्हणतात. अडचणीत सापडलं की चेंडू कसाबसा सोडवायची ही युक्ती. पॉलीनं तिचंच हल्ल्याचं हत्यार केलं. गाडीच्या उघड्या खिडकीतून चेंडू घालवायचा सराव करायचा पठ्ठ्या! १९६३ मध्ये जिलॉन्ग विजेता झाला, त्या संघात तो होता.

१९६८ मध्ये तो वेस्ट पर्थचा कर्णधार आणि प्रशिक्षक झाला. १९६९ आणि १९७१, दोन विजेतेपदं. मग १९७३ मध्ये जिलॉन्गनं त्याला प्रशिक्षक म्हणून बोलावलं. व्हिक्टोरियन फुटबॉल लीगमधला तो पहिला आदिवासी प्रशिक्षक. १९६७ च्या सार्वमतापर्यंत राज्यघटना आदिवासींना देशाच्या लोकसंख्येत धरतही नव्हती, हे लक्षात घ्या.

तिथं तीन हंगामांत विजेतेपद आलं नाही, १९७५ नंतर तो पायउतार झाला. पण मला मोठी वाटते ती त्याची नेमणूक. वंचितांच्या पोरानं गोल केला की टाळ्या वाजवायला काही लागत नाही. संघ कोण निवडणार, डावपेच कोण ठरवणार, ही खुर्ची त्याला देताना खरी परीक्षा होते. खेळातही आणि गावच्या राजकारणातही.

तुम्हाला काय वाटतं?