जनुक गप्प करणारे औषध : भुंगेऱ्यावर चालते, बोंडअळीवर का नाही?

पहिला पाऊस पडला की संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर भुंगेरे जमतात. पिकांच्या मुळ्या खाणारी हुमणी ही त्यांचीच अळी.

किडीचे गरजेचे जनुक बंद पाडण्याच्या तंत्राला आरएनए इंटरफेरन्स म्हणतात. या शोधाला २००६ चे नोबेल मिळाले. किडीने दुहेरी धाग्याचा आरएनए खाल्ला, की तिच्या पेशी त्याचे तुकडे करतात आणि ते तुकडे त्या जनुकाचा निरोपच तोडतात.

भुंगेऱ्यांत हे चांगले चालते. स्टॉफेन-सी हे जनुक त्यांना त्यात मदत करते. ते बंद केले तर परिणाम घटतो. पतंगवर्गीय अळ्यांच्या पोटातले विकर मात्र आरएनए आधीच तोडतात, उरलेला पेशीत अडकतो. आपल्या कपाशीवरची गुलाबी बोंडअळी याच वर्गातली.

अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये बटाट्यावरच्या कोलोरॅडो भुंगेऱ्यासाठी अशा फवारणीला मंजुरी मिळाली. पण प्रयोगशाळेत हा भुंगेराही तिला सरावला. बीटीला बोंडअळी सरावली, ते आपण भोगलंच आहे.

हुमणीसाठी आपला खात्रीचा उपाय जुनाच: पहिल्या पावसानंतर संध्याकाळी फांद्या हलवा, भुंगेरे गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाका. साऱ्या गावाने मिळून केलं तरच उपयोग.