चालुक्य विक्रम शक
कल्याणीचा (सध्याचे बसवकल्याण, जि. बीदर) चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य (कार. १०७६–११२६) याने आपल्या राज्यारोहणापासून रूढ केलेली कालगणना. शिलालेखांत तिचा निर्देश ‘चालुक्य विक्रम काल’ किंवा ‘विक्रमवर्ष’ असा येतो. उत्तर भारतातील विक्रम संवताशी तिचा संबंध नाही.

थोरला भाऊ दुसरा सोमेश्वर यास पदच्युत करून विक्रमादित्याने सिंहासन मिळविले. दरबारी कवी बिल्हण याने विक्रमांकदेवचरित या काव्यात या सत्तांतराचे समर्थन केले. नव्या शकामागेही नव्या राजवटीला प्रतिष्ठा मिळवून देण्याचा हेतू असावा. शककाल बाजूस सारून चालुक्यांची गणना प्रस्थापित केल्याचा गौरव एका लेखात आढळतो.

या गणनेचे पहिले वर्ष म्हणजे शके ९९८, नल संवत्सर (इ. स. १०७६–७७). दिलेल्या वर्षांकात ९९७ मिळविले, की सामान्यतः शालिवाहन शकाचे वर्ष मिळते. वर्षारंभ चैत्र शुद्ध प्रतिपदेचाच राहिला. मास, पक्ष, तिथी आणि संवत्सरांची नावेही पूर्वीचीच राहिली. बदलले ते केवळ वर्षांचे अंक. लेखात संवत्सराचे नाव असल्यास कालनिश्चितीचा ताळा पाहता येतो. सौंदत्तीचे रट्ट, हनगलचे कदंब इ. मांडलिकांनीही ही गणना स्वीकारली होती.

विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर याने ‘भूलोकमल्ल’ या आपल्या बिरुदाने स्वतःची वर्षे मोजण्यास प्रारंभ केला. पित्याचा शक काही ठिकाणी पुढेही वापरात राहिला. तथापि बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात कलचुरी बिज्जलाने सत्ता बळकावल्यानंतर त्याचा आधारच नाहीसा झाला. देवगिरीच्या यादवांचे लेख पुन्हा शालिवाहन शकात आढळतात.

जपानमध्ये सम्राटाने कालखंडास नाव देण्याची प्रथा ६४५ पासून आढळते. तेथील केम्मू कालखंड (प्रारंभ १३३४) सम्राट गो-दाइगोच्या अल्पजीवी सत्तेचे द्योतक ठरला. परंतु एक नाव गेले, की दुसरे येई व प्रथा टिकून राही. दख्खनमध्ये मात्र कालगणना दरबारापेक्षा पंचांगाच्या आधाराने चालत आली. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये सुरू केलेला राज्याभिषेक शकही लोकव्यवहारातील शालिवाहन शकाची जागा घेऊ शकला नाही. राजाज्ञेने वर्षांचे अंक बदलता येतात, लोकांची गणना सहसा बदलत नाही, हे चालुक्य विक्रम शकाच्या इतिहासावरून दिसून येते.