मुद्रा

ध्वनिमुद्रिका, मुद्रक, मुद्रांक, चलनातली मुद्रा, सगळे एकाच गोत्रातले. संस्कृतात ‘मुद्रा’ म्हणजे ठसा, आणि तो उमटवणारी अंगठीही. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त अमात्य राक्षसाची अंगठी चाणक्याच्या हाती लागते आणि तिच्या ठशावर सगळं कारस्थान उभं राहतं. संतांनी हा ठसा शब्दांत उमटवला. अभंगाच्या शेवटी येते ती नाममुद्रा.

त्र्यंबकेश्वरी समाधी असलेल्या निवृत्तिनाथांची मुद्रा ‘निवृत्ति’. सोबत बरेचदा गुरू गहिनीनाथांचं नावही. संगणकात या ओळखीचं काय होतं? अभंगांची एखादी सीडी लिनक्सवर ‘एबीसीडीई’ या प्रोग्रॅमने फ्लॅक या ध्वनिफाइलीच्या प्रकारात उतरवून पाहा. सीडीवर बहुधा गाण्यांची नावं नसतातच. ट्रॅक कुठे कुठे सुरू होतात त्यावरून प्रोग्रॅम सीडीची ओळख काढतो आणि म्युझिकब्रेन्झ या ऑनलाइन सूचीला विचारतो. नोंद असली तर येतं ते गायकाचं नाव. निवृत्तिनाथ ‘आर्टिस्ट’ कुठून होणार! फ्लॅकमध्ये टॅगचे, म्हणजे गाण्याविषयीच्या माहितीचे, रकाने मर्जीप्रमाणे वाढवता येतात, तेव्हा ‘लिरिसिस्ट’ आपणच भरायचा.

टॅगला नाममुद्रा म्हणायचा मोह होतो खरा. पण टॅग असतो फाइलच्या सुरुवातीला, सुरांच्या बाहेर. पुसला तरी गाणं तेच वाजतं. नाममुद्रा चालीत बसलेली, काढली की चरण लंगडा. अर्थात तीही पक्का पुरावा नव्हे. विष्णुदास नामा या नंतरच्या कवीचे अभंग ‘नामा’ या मुद्रेपायी संत नामदेवांच्या गाथेत मिसळले, आणि ते निवडून काढताना अभ्यासकांच्या नाकी नऊ आले.